फोर्डनं कधी न बनवलेली स्पीडस्टर घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिशिगनमध्ये एका दिवंगत संग्राहकाच्या घरच्यांनी १९२४ ची फोर्ड मॉडेल टी स्पीडस्टर, म्हणजे वेगासाठी हलकी केलेली उघडी दोन सीटची गाडी, विकायला काढली आहे. लाल रंग, पितळी रेडिएटर, दोन उघड्या सीट, पाठीमागे गोल टाकी, तारेच्या आऱ्यांची चाकं आणि इंजिनावर राजो कंपनीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं झाकण. दहाएक वर्षांपूर्वी गाडी पूर्ण रिस्टोअर झाली, त्यानंतर फारशी चालली नाही. विकणारे तिला ‘फॅक्टरी ओरिजिनल’ म्हणतात. ती खरोखर ओरिजिनल आहे का, मागितलेली किंमत योग्य आहे का आणि काही वर्षांनी पुण्याला परतताना ती सोबत नेता येईल का, हे तुम्हाला हवं आहे.

मी मिशिगनमध्येच युद्धापूर्वीच्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं आणि ॲक्सल बांधतो. त्यात मॉडेल टी सगळ्यांत जास्त येतात. गाडी न बघता ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ असं मी म्हणणार नाही, कारण बरंचसं उत्तर त्या गाडीच्या पोटात आहे. पण तुमचा पहिला प्रश्न जसा विचारला आहे तसा सुटणार नाही, तो आधी बदलून घेऊ.

फोर्डनं १९२४ मध्ये स्पीडस्टर बनवलीच नव्हती. त्या वर्षीच्या यादीत टूरिंग (उघडी, चार-पाच जणांची), रनअबाउट (उघडी, दोघांची), कूपे, दोन आणि चार दारांच्या सिडान आणि नुसती चेसिस एवढंच मिळायचं. १९११ च्या सुमारास टॉर्पेडो रनअबाउट नावाची थोडी खेळकर गाडी फोर्डनं काढली होती, पण ती परंपरा पुढे चालली नाही. म्हणजे ‘फॅक्टरी ओरिजिनल टी स्पीडस्टर, १९२४’ असं काही असूच शकत नाही. विकणारे मुद्दाम खोटं सांगत असतील असं मला वाटत नाही. वडिलांकडून जे ऐकलं तेच ते पुढे सांगत असतील. पण किंमत त्या वाक्यावर उभी असेल, तर ती तिथून खाली यायला हवी.

मग ही गाडी आली कुठून? मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त निघाल्या. १९२५ मध्ये नवी रनअबाउट २६० डॉलरला मिळत होती, जुनी तर त्याहून कितीतरी स्वस्त. गावोगावची तरुण मुलं अशी जुनी टी घ्यायची, बॉडी आणि मडगार्ड उतरवायची, सीट मागे आणि खाली सरकवायची, स्टिअरिंगचा दांडा झुकवायची. ज्याच्या खिशात थोडे जास्त पैसे असायचे तो तयार बॉडी मागवायचा. केंटकीतल्या लुइव्हिलची मर्क्युरी आणि ओवेन्सबरोची एम्स ही त्यातली मोठी नावं. मूळ इंजिनाची ताकद फक्त २० हॉर्सपॉवर, म्हणून वरचं हेड बदललं जायचं. विस्कॉन्सिनमधल्या रसीनचं राजो, इंडियानातल्या अँडरसनचं सोळा व्हॉल्व्हचं रूफ आणि शेव्हरोले बंधूंचं इंडियानापोलिसहून येणारं फ्रॉन्टेनॅक ही हेडं तेव्हा राजरोस विकली जात होती. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत एल. एल. कोरम यांनी फ्रॉन्टेनॅक हेडची फोर्ड पाचव्या क्रमांकावर आणली. शेतावर राबणाऱ्या गाडीचा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, आणि त्यावर नवं हेड, एवढ्यावर खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांशी झुंज देता येते हे तिथे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. टी स्पीडस्टरवर माझा जीव आहे तो यामुळे. ती कंपनीच्या डिझायनरनं आखलेली नाही, ज्यानं विकत घेतली त्यानं स्वतःच्या अंगणात घडवलेली आहे.

म्हणून विचारायचं ते हे: या गाडीतलं काय त्या काळातलं आहे, काय नंतरचं आहे आणि हे कशावरून सिद्ध होतं? एखादी टी १९२० च्या दशकातच स्पीडस्टर झालेली आणि तशीच टिकलेली असते. अशा गाड्या फार थोड्या आणि त्यांचा मान वेगळा. दुसरीत सगळे सुटे भाग त्या काळातले, पण ते एकत्र आले अलीकडे. तिसरीत चेसिस आणि इंजिन जुनं, बॉडी मात्र कुणीतरी गेल्या तीस-चाळीस वर्षांत पत्रा वाकवून बनवलेली. बाजारात ही तिसरी सर्वांत जास्त दिसते, आणि नीट बांधलेली असेल तर चालवायला तितकीच आनंदाची. फक्त तिसरीला पहिलीची किंमत देऊ नका.

फरक ओळखायला बाहेरचा रंग काही कामाचा नाही. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सीटखाली, शेपटीच्या आत आणि डॅशबोर्डच्या मागे बघा. जुन्या पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजानं पडलेले बारीक खड्डे असतात, हातोडीचे ठसे असतात, रिव्हेट असतात, लाकडी पट्ट्यांना काळपट रंग आलेला असतो. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू दिसले तर ते काम १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरचंच, कारण त्याआधी मोटारींत ते नव्हतेच. प्लायवूड आणि मिग वेल्डिंगची सलग, गुळगुळीत शिवण तर अगदीच अलीकडची. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबीचा (पुट्टीचा) जाड थर आहे, किंवा बॉडी ॲल्युमिनियमची आहे. दोन्ही गोष्टी विचारून घ्या.

सगळ्यांत भक्कम पुरावा मात्र कागद. गाडीचा जुना फोटो, जुन्या नोंदणीची पावती, आधीच्या मालकाचं पत्र, रिस्टोरेशन सुरू होण्याआधी काढलेले फोटो. दिवंगत संग्राहकाच्या घरी असा खोका बहुतेक वेळा असतोच, आणि वारसांना त्याचं मोल माहीत नसतं. गॅरेजच्या फळीवर किंवा तळघरात तो शोधायला त्यांना विनंती करा आणि तो गाडीसोबत मिळेल असं लिहून घ्या.

तुम्ही पाठवलेल्या वर्णनातच एक खूण आहे. टीला पितळी रेडिएटर होता तो १९१६ पर्यंत. १९१७ पासून त्यावर काळं रंगवलेलं पत्र्याचं कवच आलं. १९२४ च्या गाडीवर पितळी रेडिएटर म्हणजे कुणीतरी आवडीनं, देखणेपणासाठी बसवलेला. त्यात गैर काही नाही, पुष्कळ लोक करतात. पण एवढ्यावरून एक गोष्ट कळते: गाडी बांधणाऱ्यानं वेगवेगळ्या वर्षांचे भाग एकत्र केले आहेत. म्हणून बाकीचेही भाग एकेक करून तपासा.

इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाणी आत जातं त्या नळीच्या वरच्या सपाट जागी ठोकलेला असतो. १९२४ चं इंजिन असेल तर नंबर साधारण नव्वद लाख ते एक कोटी दहा लाख यांच्या दरम्यान यायला हवा. एक कोटीवी टी त्याच वर्षीच्या जूनमध्ये निघाली होती. त्या काळात चेसिसवर नंबर नसायचा, त्यामुळे टायटलच्या, म्हणजे मालकीच्या कागदावर बहुतेक वेळा इंजिनाचाच नंबर लिहिलेला असतो. मधल्या शंभर वर्षांत इंजिन बदललं गेलं असेल तर कागद आणि लोखंड जुळत नाही. तो नंबर स्वतः वाचा आणि टायटलशी ताडून बघा. सपाट जागा कानसेनं घासल्यासारखी दिसली किंवा आकडे वेडेवाकडे आले तर थांबा. हा वाद पैसे देण्याआधीच मिटवायचा असतो.

राजोचं हेड खरं असेल तर ते स्वतःच मोलाचं आहे, पण जुन्या साच्यांवरून नवीही हेडं ओतली जातात. नवं असण्यात कमीपणा नाही. उलट जुन्या ओतीव लोखंडात भेगा असू शकतात आणि नव्यात ती भीती कमी. फक्त कोणतं आहे हे कळलं पाहिजे. जुनं असेल तर भेगा तपासल्या होत्या का, व्हॉल्व्हच्या बैठका नव्या केल्या का, हे विचारा.

‘ओरिजिनल’ या शब्दाचा एवढा धाक कुठून येतो तेही सांगतो. त्याच दशकात काही कंपन्या खरोखर कारखान्यातून स्पीडस्टर बाहेर काढत होत्या. विस्कॉन्सिनमधल्या हार्टफर्डची किसेल घ्या. तिच्या पिवळ्या स्पीडस्टरला लोक ‘गोल्ड बग’ म्हणायचे, आणि तिच्या दोन्ही अंगांतून कपाटाच्या खणासारखी जादा सीट बाहेर ओढता यायची. वैमानिक अमेलिया इअरहार्टनं १९२४ मध्ये आईला शेजारी बसवून कॅलिफोर्नियाहून बोस्टनपर्यंतचा लांबलचक प्रवास केला तो पिवळ्या किसेलमधूनच. इंडियानाच्या ऑबर्न कंपनीनं १९२८ मध्ये होडीच्या शेपटीची स्पीडस्टर आणली, लायकमिंगचं सरळ आठ सिलिंडरचं इंजिन आणि ११५ हॉर्सपॉवर. वेड मॉर्टन यांनी ती त्याच वर्षी डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी १०८ मैलांच्या पुढे नेली. अशा गाड्यांत सिडानच्या चेसिसवर मागाहून स्पीडस्टरची बॉडी चढवली असेल तर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणूनच ऑबर्न-कॉर्ड-ड्यूसेनबर्ग क्लबचे जाणकार नंबर तपासून गाडीला प्रमाणपत्र देतात. टी स्पीडस्टरला तसा दाखला नाही आणि त्याची गरजही नाही. तुमचा धोका वेगळ्या जागी आहे, आणि तो पैशांपेक्षा मोठा आहे.

तो धोका मागच्या ॲक्सलमध्ये. हा भाग सावकाश वाचा.

टीमध्ये पायाचा ब्रेक चाकांवर नसतो. उजवं पेडल दाबलं की गिअरबॉक्समधल्या ड्रमवर एक पट्टा आवळला जातो. ती पकड प्रोपेलर शाफ्टमधून मागे जाते, पिनियनमधून (शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक) क्राउन व्हीलला (ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक) आणि तिथून दोन्ही अर्ध्या शाफ्टांमार्फत चाकांना. साखळीतली एक कडी तुटली की ब्रेक गेला. डिफरेन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, दोन्ही बाजूंना जोर पेलणारे वॉशर असतात आणि फोर्डनं ते बॅबिटचे, म्हणजे आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला व्हाइट मेटल म्हणतात त्याचे, बसवले होते. शंभर वर्षांत हा धातू आतून भुसभुशीत होतो. बाहेरून शाबूत दिसणारा वॉशर बोटांनी चुरगळतो, असे मी ॲक्सल उघडल्यावर पुष्कळ पाहिले आहेत. तो फुटला की क्राउन व्हील बाजूला सरकतं, दाते पिनियनपासून सुटतात आणि त्याच क्षणी गाडीची ओढही जाते आणि पायाचा ब्रेकही. हे उतारावर घडलं तर सगळ्यांत वाईट. मग हातात उरतो फक्त लिव्हर. तो मागच्या चाकांतल्या छोट्या ड्रमवर ओतीव लोखंडाचे बूट (ब्रेक शू) दाबतो. त्या बुटांना १९२५ पर्यंत अस्तरही नव्हतं. उभी गाडी धरून ठेवायला ते पुरतं. पळती गाडी थांबवायला त्याच्यावर विसंबू नका.

उपाय जुना आणि माहितीतला आहे: बॅबिटचे वॉशर काढून कांस्याचे बसवायचे. वॉशर महाग नाहीत, ॲक्सल उतरवून पूर्ण उघडण्याची मजुरी आहे. म्हणून विकणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच करा: ॲक्सल उघडला होता का, कांस्याचे वॉशर बसवले का, आणि त्याचा फोटो किंवा बिल आहे का. ‘सगळं नवं केलंय’ हे उत्तर धरू नका. पुरावा नसेल तर गाडी ट्रेलरवर घरी आणा आणि ॲक्सल उघडेपर्यंत रस्त्यावर काढू नका. या एका गोष्टीवर मी कुणालाही सूट देत नाही.

याच्या जोडीला मागच्या चाकांवर स्वतंत्र जादा ब्रेक हवेत. रॉकी माउंटन या नावानं ओळखले जाणारे बाहेरून आवळणारे पट्टे त्या काळातही मिळायचे आणि आजही मिळतात. पुढे जाताना ते छान धरतात, उलट्या दिशेनं मात्र त्यांची पकड कमी, म्हणून चढावर गाडी मागे घसरू देऊ नका. गाडीत रकस्टेलचा दोन गतींचा ॲक्सल किंवा वॉरफर्डचा जादा गिअरबॉक्स असेल तर हे ब्रेक सक्तीचेच समजा. त्या जोडण्या दोन गिअरांच्या मध्ये अडकल्या तर इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो, आणि पायाचा ब्रेक हवेत फिरतो.

दुसरी जागा स्टिअरिंग. स्पीडस्टर बुटकी दिसावी म्हणून चेसिस खाली घेतली जाते आणि स्टिअरिंगचा दांडा आडवा केला जातो. हे करताना पुढच्या ॲक्सलचा मागे झुकलेला कोन बिघडतो. मूळ गाडीत किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं ती, साधारण साडेपाच अंश मागे कललेली असते, म्हणूनच चाकं आपसूक सरळ होतात. हा कल गेला की गाडी चाळीस मैलांच्या वेगाला रस्ता शोधत भरकटते. त्याहून वाईट म्हणजे दांड्याच्या खालचा हात आणि आडवा रॉड एका रेषेत येऊन पलीकडे उलटू शकतात. मग चाकं पूर्ण वळलेल्या स्थितीत अडकतात. पुढची बाजू जॅकवर उचला, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत न्या आणि परत आणा. कुठेही अडकल्यासारखं, लटकल्यासारखं वाटलं तर ते काम पुन्हा करून घ्यावं लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

इंजिनाचं सांगतो. टीच्या इंजिनात ऑइल पंप नाही. तेल फ्लायव्हीलच्या फटकाऱ्यानं उडतं आणि एका नळीतून पुढे वाहत जातं. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, तीन मेन बेअरिंगवर फिरतो आणि ही बेअरिंगं ब्लॉकमध्येच ओतलेल्या बॅबिटची असतात. वीस हॉर्सपॉवरसाठी आखलेला तो क्रँक बारीक आहे. राजोचं हेड बसलं, कॉम्प्रेशन वाढलं, मालक जोरात पळवू लागला की क्रँक मोडण्याची शक्यता खरी असते. म्हणून विचारा की क्रँक मूळचा आहे, फोर्ड मॉडेल ए चा बसवला आहे की नवा बनवलेला आहे, आणि बसवण्याआधी तो भेगांसाठी तपासून बॅलन्स केला होता का. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत का, तेही.

क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तुम्ही स्वतः तपासू शकता. इंजिन बंद ठेवून पुढच्या पुलीमागे लाकडी दांडी टेकवून हलकेच पुढे ढकला आणि सोडा. डोळ्यांना सहज दिसेल एवढी हालचाल झाली तर मागचं मेन बेअरिंग झिजलं आहे. त्याचा आणखी एक परिणाम होतो. फ्लायव्हीलवरची सोळा चुंबकं मॅग्नेटोच्या (इंजिन फिरताना ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राच्या) कॉइलपासून दूर जातात, वीज कमी पडते आणि गाडी बॅटरीवर चालते पण मॅग्नेटोवर अडखळते. म्हणून चालू गाडीत स्विच मॅग्नेटोवर टाकायला सांगा आणि कान देऊन ऐका. चांगली टी मॅग्नेटोवर जास्त खुलते.

पेट्रोलची टाकी मागे आहे म्हणता. टीमध्ये पेट्रोल नुसतं उतारानं कार्बोरेटरपर्यंत येतं. टाकी जितकी मागे आणि खाली, तितकी चढावर इंजिन उपाशी राहण्याची वेळ लवकर येते. टाकीत रसायनाचं अस्तर दिलं असेल आणि गाडी दहा वर्षं उभी असेल तर ते पापुद्र्यांनी सुटून नळीत अडकलेलं सापडतं. टायर दिसायला नवेकोरे असले तरी त्यांचं वय विचारा. तारेच्या चाकांवर एकेक आरी बोटानं वाजवून बघा, ढिली आरी आवाजात लगेच कळते.

आता ‘पूर्ण रिस्टोअर’ म्हणजे काय ते बघू. कुणासाठी ते रंग, पितळ आणि चामडं असतं, कुणासाठी बेअरिंग, ॲक्सल आणि स्टिअरिंग. प्रदर्शनात उभी राहणारी आणि रस्त्यावर पळणारी गाडी एकाच फोटोत सारखीच दिसते. रिस्टोअर झाल्यावर फारशी चालली नाही, हे विकणारे गुण म्हणून सांगत आहेत. मला ते तसं वाटत नाही. दरवर्षी चालवलेली, थोडा रंग उडालेली, मालकाच्या वहीत तेल बदलल्याच्या नोंदी असलेली टी मला झाकून ठेवलेल्या चकचकीत टीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते. चालणाऱ्या गाडीचे दोष रस्त्यावर समोर आलेले आणि दुरुस्त झालेले असतात.

किमतीबद्दल स्पष्ट बोलतो. नीट बांधलेल्या टी स्पीडस्टरवर झालेला खर्च विकताना बहुधा परत मिळत नाही. म्हणजे दुसऱ्यानं बांधलेली चांगली गाडी घेणं हे खरेदीदाराच्या फायद्याचं आहे. पण ती घरासारखी किंवा सोन्यासारखी वाढत जाईल या हिशेबानं घेऊ नका. दीड कोटी गाड्यांचं हे कुळ आहे, जवळपास प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, आणि तीच तिची सुखाची बाजू. मर्क्युरी किंवा एम्सची खरी बॉडी, जुनं राजो आणि फोटोंचा खोका अशी तिन्ही एकत्र सापडली तर जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. नवी बॉडी, पितळी रेडिएटर आणि न उघडलेला ॲक्सल असेल तर विकणाऱ्यांशी मोकळेपणानं बोला. ‘ही फॅक्टरीची नाही, असूच शकत नाही, आणि ॲक्सलचं काम मला करावं लागेल’ एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक माणसं ऐकतात.

पुण्याचं बरंचसं तेव्हाच्या नियमांवर अवलंबून आहे. भारतात २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम आले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाची ५,००० रुपये, आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई. ‘मूळ स्वरूप’ ही अट वाचलीत की तुमच्या लक्षात येईल, स्पीडस्टरची अडचण इथेच आहे. बॉडी १९२० च्या दशकातली असल्याचा पुरावा असेल तर तुमच्याकडे मांडायला बाजू राहील. कालपरवाचा पत्रा असेल तर ती बाजू दुबळी. शिवाय मुंबईत फोर्डचं काम १९२६ मध्ये सुरू झालं तेव्हा आपल्याकडच्या गाड्या फोर्डच्या कॅनडा शाखेच्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या असायच्या. ही डाव्या हाताची आहे. आयातीचे नियम आणि कर बदलत आलेले आहेत, म्हणून जहाजावर चढवण्याआधी तेव्हाचा नियम कस्टमच्या जाणकार एजंटकडून लेखी घ्या, आणि मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या मंडळींशीही बोला. माझं मत विचाराल तर पुण्याचा विचार या खरेदीच्या हिशेबात धरू नका. ही गाडी इथे चालवायला घ्या. खंडाळ्याचा घाट फक्त मागच्या चाकांच्या ब्रेकवर उतरायची कल्पना मला तरी आवडत नाही.

मिशिगनमध्ये तिला हिस्टॉरिक प्लेट, म्हणजे जुन्या गाड्यांची खास नंबरप्लेट, मिळू शकेल. ती क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं अशा वापरासाठी असते, आणि ऑगस्ट महिन्यात एरवीही गाडी फिरवता येते. विमा ठरलेल्या मूल्याचा घ्या, म्हणजे नुकसान झालं तर किती मिळणार हे आधीच कागदावर असतं. आणि पैसे देण्याआधी गिलमोर कार म्युझियममध्ये टी चालवण्याचा वर्ग करा. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्धं धरलं की न्यूट्रल, सोडलं की वरचा गिअर, मधलं पेडल रिव्हर्स आणि ॲक्सिलरेटर हाताशी. आजच्या गाडीची सवय घेऊन पहिल्यांदा बसलात तर घाबरल्या क्षणी पाय चुकीच्या जागी जाईल. सप्टेंबरमध्ये डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये ओल्ड कार फेस्टिव्हल भरतो. तिथे डझनावारी टी चालताना दिसतात आणि मालक मोकळेपणानं बोलतात.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन आधी गरम करून ठेवू नका असं सांगा. थंड इंजिन कसं सुरू होतं हेच बघायचं आहे. हँडल मारून सुरू करायचं असेल तर आधी स्टिअरिंगखालचा डावा लिव्हर वर करून स्पार्क मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल, हँडल डाव्या हातानं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून वर ओढा, खाली दाबू नका. इंजिन उलट फटका देतं तेव्हा मनगट मोडतं. आधी मालकाच्या घरच्या कुणाला तरी किंवा त्यांच्या ओळखीच्या जाणकाराला चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा, मग सपाट रस्त्यावर तुम्ही. जमल्यास ही फेरी ॲक्सलचा पुरावा हाती आल्यानंतरच.

तिथून मला चार फोटो पाठवा: इंजिन नंबरचा अगदी जवळून, हेडच्या दोन्ही बाजूंचा, शेपटीच्या आतल्या पत्र्याचा आणि पुढच्या ॲक्सलचा बाजूनं, किंगपिनचा कल दिसेल असा. ॲक्सलचं जुनं बिल सापडलं तर त्याचाही. त्यावरून गाडी तिन्हींपैकी कोणती आहे आणि दुरुस्तीपोटी किती रक्कम कमी करून बोलणी सुरू करावी, हे मी बरंच नेमकं सांगू शकेन.